मोडायच्या आधीचा आकार

शुक्रवार पेठेच्या वळणावर अक्षताची सायकल घसरली ती थेट एका माणसाच्या पुढ्यात, आणि कॅरिअरला बांधलेली कडक भाकरीची चवड रस्त्यावर. कडक भाकरीच ती... पडली की चक्काचूर.

आता हा ओरडणार, असं तिला वाटलं. पण तो चक्क उकिडवा बसला आणि कुठला तुकडा कुठं पडलाय ते वाकून बघू लागला.

"काय ओ, काय शोधायलाव? सोनं नव्हतं त्यात."

"थांबा की. ही भाकरी कडेवर आपटलीय, चुरा बघा इथंच राहिलाय. आणि मधी फुगलेली होती."

ती फुगलेली होती हे खरंच होतं. सकाळी तिनंच तर भाजली होती.

"तुमी भाकरीचे पोलीस हाय का?" ती म्हणाली आणि तो डोळे मिटून हसला. झालं... तेवढं हसणं पुरलं.

तो रत्नदीप. इथलाच, पण जर्मनीत संशोधन करणारा, महिनाभर सुट्टीला आलेला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या घरच्या दुकानात भाकरी न्यायला हजर. तिसऱ्या दिवशीही. एकटा माणूस एवढी भाकरी खातो तरी कशी, असं आईनं विचारलं तेव्हा अक्षता शेंगाचटणी कुटण्यात भलतीच गढून गेली.

दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं आपलं काम तिला सांगितलं. रेणू इतका बारीक की साध्या कॅमेऱ्यात दिसत नाही. मग लेसरच्या एका झटक्यात त्याचे इलेक्ट्रॉन उडवून द्यायचे. मागं उरलेले अणू सगळे धन भाराचे, ते एकमेकांना ढकलतात आणि रेणू फुटतो. कुठला तुकडा कुठं आणि कधी जाऊन पडला ते टिपायचं, आणि उलटा हिशेब करून ओळखायचं, फुटायच्या आधी तो कसा दिसत होता.

"म्हणजे मोडल्याबिगर तुमाला कळतच न्हाय?"

"नाही. आणि हळूहळू मोडूनही चालत नाही. तुटता तुटता त्याचा आकार बदलत जातो. मग मुळात काय होतं, ते कधीच कळत नाही."

बोलता बोलता तिच्या केसांतलं पीठ झटकायला त्यानं हात उचलला... आणि तसाच खाली घेतला. ते पीठ अक्षतानं दिवसभर झटकलं नाही.

जानेवारीच्या गड्ड्याच्या जत्रेत दोघं पाळण्यात बसले. अगदी वर जाऊन पाळणा थांबला. खाली तलाव, मंदिर, माणसांची मुंगीरांग. लोखंडी दांडीवर त्याचा हात, शेजारी तिचा. मधे एका बोटाचं अंतर. आता बोलावं, असं तिला वाटलं. त्यालाही वाटलं असावं, कारण तो खाकरला. तेवढ्यात पाळणा हलला, आणि खाली उतरल्यावर दोघंही उसाच्या रसाबद्दल बोलत राहिले.

मग त्यानं एकदा विचारलं, तिकडं शिकायला येशील का? तिची बीएस्सी झालेली, मन तर कधीच विमानात बसलेलं. जात आडवी आली असती तर ती भांडली असती. त्याची तयारी तिनं मनात करूनही ठेवली होती. पण तिच्या वडिलांचा, अप्पांचा, उजवा हात वर्षापूर्वी लुळा पडला होता. दुकान तिच्या आणि आईच्या हातांवर चाललं होतं. लुळ्या हाताशी कसं भांडणार?

तो निघायच्या सकाळी ती स्टेशनवर गेली. पुण्याची गाडी लागलेली, हवेत धुकं. रत्नदीप म्हणाला, संशोधनाची चारच वर्षं राहिलीत, मी रोज फोन करीन.

अक्षताला तिची मोठी बहीण दानेश्वरी आठवली. तिचाही एक होता, बंगळूरला गेलेला. आधी रोज फोन, मग रविवारी, मग फक्त सणाला फुलांचं चित्र. आज विचारलं, ताई, ते प्रेम होतं का गं, तर दानेश्वरी म्हणते, आता न्हाय सांगता येत.

"फोन नको," अक्षता म्हणाली. "मेसेज पण नको."

"अगं, पण..."

"हळू मोडायचं न्हाय, तुमीच सांगितलाव की." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "माझं तुमच्यावर प्रेम हाय. लई हाय. आता तुमचं सांगा. आणि मग जावा."

रत्नदीपनं हात पुढं केला आणि तिच्या केसांतलं पीठ अलगद झटकलं.

"पहिल्या भाकरीपासून," तो म्हणाला. "वेडे... पहिल्या भाकरीपासून."

गाडी हलली. ती पळाली नाही, हातही हलवला नाही. डबे निघून गेले, रूळ तेवढे उरले.

घरी येऊन ती तव्यापुढं बसली. एक भाकरी भाजली, दुसरी भाजली. डोळ्यांतलं पाणी परातीतल्या पिठात पडू नये म्हणून मान फिरवून बसली. दानेश्वरी शेजारी येऊन टेकली. बराच वेळ चवड नीट करत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "कोण होता गं तो तुझा?"

अक्षताला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"प्रेम होतं, ताई," ती म्हणाली. "अख्खं."