दशांश चिन्हानंतरचा पाऊस

चढावरच्या गल्लीत घड्याळजीचं दुकान तिला शोधावं लागलं नाही. सकाळचे अकरा वाजले होते, तरी धुकं असं बसलं होतं, की दिवा लागलेलं तेवढं एकच दार दिसत होतं. आत जाऊन तिने पिशवीतून पितळी ढोल काढला आणि टेबलावर ठेवला. हवेचा दाब कागदावर उमटवणाऱ्या यंत्रातला हा ढोल आठवड्यात स्वतःभोवती एक फेरा पूर्ण करतो. प्रवासात तो अडला होता.

"हे घड्याळ वेळ सांगत नाही," तिने आधीच बजावलं.

"इथे येणारी बहुतेक घड्याळं सांगत नाहीत." डोळ्यावरचं भिंग न काढता तो म्हणाला, "तुम्ही निदान कबूल केलंत."

ती हसली. कामाच्या दिवशी हसण्याची तिला सवय नव्हती. म्हणूनच बहुधा पुढची चूक झाली. न्हाव्यापुढे बसलेला माणूस जसा बोलत सुटतो, तशी ती बोलत सुटली. हवामान खात्यात ती नोंदी पडताळण्याचं काम करी. पावसाच्या आकड्यातला दशांश चिन्हानंतरचा अंक निसर्ग ठरवतो, माणूस नाही. त्यामुळे शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक साधारण सारख्याच वेळा यायला हवेत. इथल्या केंद्रावर मात्र तीन वर्षं शून्य आणि पाच यांखेरीज अंकच नव्हता.

"कुणीतरी घरबसल्या पाऊस पाडतंय," ती म्हणाली.

त्याचा चिमटा थांबला. मग त्याने भिंग काढलं, आणि तिला त्याचे दोन्ही डोळे प्रथमच दिसले — शांत, थकलेले.

"ते कुणीतरी माझे वडील आहेत."

माफी मागावी असं तिला वाटलं. पण आकडे खोटे नव्हते, तेव्हा माफी नेमकी कशाची मागायची, हे तिला ठरवता आलं नाही. त्यानेही ती मागितली नाही. ढोल परवा मिळेल, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ती त्याच्या घरामागच्या अंगणात उभी होती. म्हातारा ताठ चालत आला, पर्जन्यमापकातलं पाणी त्याने काचेच्या मापात ओतलं आणि माप डोळ्यांसमोर धरलं. हात जरासुद्धा हलला नाही. तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलं : चार पूर्णांक तीन.

"साडेचार," म्हातारा म्हणाला, आणि वहीत लिहिलं.

मापावरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा लांब होत्या, मधल्या आखूड. त्याला फक्त लांब दिसत होत्या. तो खोटं लिहीत नव्हता. दिसेल तेवढंच लिहीत होता. फाटकापाशी उभ्या असलेल्या घड्याळजीने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी दुकानात त्याने सांगितलं : डोळ्यांचं आता काही होण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आई गेल्यापासून बाबांना सकाळी उठायला तेवढं एकच कारण उरलं होतं. ते काढून घ्यायला त्याचा हात धजला नव्हता.

आसपासच्या केंद्रांची तपासणी नऊ दिवस चालली. त्या नऊही संध्याकाळी ती ढोलाची चौकशी करायला दुकानात गेली. बाहेर रिपरिप थांबत नसे. चाळीस घड्याळं आपापल्या मताने चालत. कधी तो चहा पुढे करी, कधी नुसतं स्टूल. सहाव्या संध्याकाळी दोघांची बोटं एकाच पेल्याला लागली, आणि दोघांनीही पेला सोडला नाही...

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "ढोल पहिल्याच दिवशी सुरू झालाय."

"माहीत आहे. मला टिकटिक ऐकू येते."

"मग रोज का येता?"

"पडताळणी," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

नवव्या दिवशी अहवाल लिहायचा होता. ती तीन वर्षं बाद केली, तर वही म्हाताऱ्याच्या हातून जाणार होती; ठेवली, तर तिच्या सहीखाली तिचा विश्वास नसलेले आकडे राहणार होते.

"दोन दशांशाने कुणी बुडत नाही," तो हळूच म्हणाला. "राहू द्या ना... माझ्यासाठी."

"नाही बुडत. पण मुसळधार पावसाच्या दिवशी दोन सेंटीमीटरचं माप दहा-दहा वेळा भरतं. तेव्हा दोन दशांश चुकले की एक अख्खं माप, हे तुम्हालाही सांगता येणार नाही."

तिने छत्री उचलली आणि सरळ त्याच्या घरी गेली. कागदावरून कळण्याआधी म्हाताऱ्याला तोंडाने सांगायला हवं होतं.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "आणि त्याआधीची अठ्ठावीस?"

"एकेक महिना तपासला, बाबा. एक ओळही खोडता आली नाही."

म्हातारा उठून उभा राहिला.

"मग मार रेघ, पोरी. पण पट्टीने मार." त्याने वही चाचपून तिच्या हातात दिली, आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. त्या रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसथांब्यावर घड्याळजी ढोल घेऊन आला. दोघं पत्र्याखाली उभी राहिली.

"मी रागावलोय," तो म्हणाला.

"दिसतंय."

"बाबा सकाळी अंगणात आले नाहीत. वाचन मी घेतलं." त्याने ढोल तिच्या हातात दिला. "रात्रभर विचार केला. तुम्ही माझं ऐकलं असतंत, तर मला बरं वाटलं असतं. पण मग पुढे तुम्ही माझ्याबद्दल काहीही म्हणाला असतात, तरी मला ते खरं वाटलं नसतं."

"मी काही म्हटलेलं नाही."

"तेच तर."

वळणावर बसचे दिवे दिसले. शंका घेणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. नऊ दिवस तिने हीसुद्धा शंका नीट घेऊन पाहिली होती.

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. "सगळ्या बाजूंनी तपासलं. फरक पडत नाही."

त्याने तिचा ओला हात हातात घेतला. बाबांना सोडून तो शहरात येऊ शकत नव्हता, आणि तिची खुर्ची इकडे हलणार नव्हती. हे दोघांना ठाऊक होतं.

"रोजचं वाचन साडेआठला फोनवर द्यायचं," पायरीवर पाय ठेवत ती म्हणाली. "थेट मला."

"आणि पाऊस पडलाच नाही तर?"

"शून्यसुद्धा कळवावं लागतं," ती म्हणाली. "रोज."