मिठावरची जागा

त्या सोमवारी मी मीठ आणायला विसरले, खरं तर एवढंच घडलं होतं. आईच्या यादीत ते सगळ्यात वर होतं. बटाटे, ताजं चीज, पाव, आलुबुखार सगळं आलं, मीठ राहिलं. दुकान अकरा किलोमीटर खाली, आणि सोमवारी दुपारनंतर बंद.

"सहा वर्षं मॉन्ट्रियलला शिकून आल्या बाईसाहेब," माझा मोठा भाऊ जेरो बटाटे सोलता सोलता म्हणाला. "तिथं जुनी घरं वाचवायला शिकवतात. मीठ आणायला नाही."

"गप रे. घरात आहे मीठ."

आई खिडकीशी उभी होती. तिनं वळून पाहिलं नाही.

फ्रान्समधल्या कांतालच्या डोंगरातलं आमचं हे शेतघर तीनशे वर्षांचं. काळा दगड, छपरालाही दगडी फरशा, बाजूला गोठा, वर गवताचा माळा. आजी गेली तेव्हापासून सव्वीस वर्षं बंद होतं. येत्या शुक्रवारी आई ते विकण्याच्या कागदावर सही करणार होती. त्याआधीची ही दोन आठवड्यांची सुट्टी मी हट्टानं घडवून आणली होती. सगळे एकदा इथं जेवले, झोपले, हसले, की सही करणारा हात आपोआप थांबेल, असं मला वाटत होतं. घरं माणसांच्या वावरानं जगतात, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे. ते अजूनही खरंच आहे. भीती वाटते ती त्याचीच.

आमच्याकडच्या जुन्या घरांत चुलाणं म्हणजे एक खोलीच असते. भिंतीच्या आत शिरायचं, दोन्ही बाजूंना बसायला जागा, मध्ये विस्तव. डाव्या हाताला मिठाची लाकडी पेटी. तिचं झाकण म्हणजेच बैठक. विस्तवाच्या आणि बसणाऱ्याच्या उबेनं आतलं मीठ कोरडं राहायचं. घरातली सगळ्यात मोठी बाई तिथं बसायची. ती गेली की तिच्यानंतरची. आमच्या पेटीच्या झाकणाला त्या सगळ्याजणींच्या बसण्यानं एक रुंद, गुळगुळीत खळगा पडला होता.

जेरोची मुलगी निनों, सात वर्षांची, पहिल्याच दिवशी तिथं बसून लगेच उठली होती. "आत्या, इथून आत्ताच कुणीतरी उठून गेलंय."

मी हसले होते. ऑगस्टचा महिना, चुलाण्यात विस्तवसुद्धा नव्हता. आई मात्र आल्यापासून एकदाही चुलाण्याच्या आत शिरली नव्हती.

मी झाकण उचललं. सव्वीस वर्षं विस्तव नाही, मागच्या भिंतीला ओल. आत दगड झालेला गोळा असणार, या तयारीनं मी सुरीही घेतली होती. पण मीठ मोकळं होतं. पांढरं, भुरभुरतं. मी वाडगा भरला आणि थबकले. कोंबडीखालून नुकतंच काढलेलं अंडं असतं ना, तितकं ते कोमट होतं.

"आई, बघ तर! कोरडं! काय बांधायची गं ही माणसं..."

"त्यातलं घालू नकोस." आईचा आवाज अगदी हलका होता. "आळणी खाऊ आज."

"आळणी बटाटे?" जेरो म्हणाला. "त्यापेक्षा घर न विकलेलं परवडलं, आई."

आम्ही तिघं ते मीठ घालून पोटभर जेवलो. आई जेवली नाही.

दुपारी डोंगरावरून धुकं उतरलं. कुरणातल्या गाई दिसेनाशा झाल्या, नुसत्या त्यांच्या घंटा ऐकू येत होत्या, कधी जवळ, कधी पाण्याखालून आल्यासारख्या. घरभर गवताचा गोड वास. मी पलंगावर पडले. झोपले की नाही, सांगता येत नाही. कुणीतरी वाळूतून सावकाश हात फिरवत असल्यासारखा आवाज येत होता, आणि तो बरा वाटत होता. मग लक्षात आलं, घंटा थांबल्यात. शेजारचं निनोंचं अंथरूण रिकामं होतं.

ती पेटीवर बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर एकावर एक. डोळे अर्धे उघडे. ओठ मिठानं पांढरे झाले होते.

"निनों, चल. ऊठ बाळा..."

"उठले तर मीठ ओलं होईल, आत्या."

मी तिला उचलायला गेले. ती हलली नाही. हाका मारून जेरोला आणलं. बिअरची पिंपं खांद्यावर वाहणारा माणूस तो. त्यानं काखेत हात घालून ओढलं, आणि पोर दगडात रुजल्यासारखी जागच्या जागी. तिचा श्वास जड झाला होता... दोन श्वासांमध्ये फार वेळ जात होता.

"काय केलंस तू, क्लेमांस?" जेरो माझ्याकडे वळून कुजबुजला. "काय केलंस?"

तेव्हा आई आली. वाकून चुलाण्याच्या आत शिरली आणि निनोंच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली,

"पोरीला सोड. मी आलेय ना... उशीर झाला, पण आलेय."

मग निनोंच्या केसांवरून हात फिरवला. "ऊठ गं राणी. ही माझी जागा आहे."

बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा द्यावी तशी निनों सहज उठली. जांभई दिली. "बाबा, भूक लागली." आणि आई बसली. बाहेर एक घंटा वाजली, मग दुसरी.

"एकोणीस वर्षांची असताना पळाले इथून," आई म्हणाली. "तुझ्या आजीला सांगितलं होतं, इथं बसायची माझी पाळी आली की परत येईन. आले नाही. म्हणून विकत होते गं." तिनं स्कर्ट सारखा केला. "शुक्रवारी सही व्हायची नाही."

मला हवं होतं ते मिळालं.

याला तीन वर्षं झाली. आई तिथंच राहते. वाईट चाललेलं नाही. बाग करते, शेजारणीशी पत्त्यांच्या डावावरून भांडते, दुपार झाली की जागेवर जाऊन बसते. छप्पर मी दुरुस्त केलंय, गोठ्यात गाई आल्यात. निनोंला आम्ही परत कधीच आणलं नाही. ती दूर ल्यों शहरात असते. जेरो फोनवर फार बोलत नाही. मागच्या महिन्यात एवढंच म्हणाला, की ती दुपारी वर्गात बसल्या बसल्या झोपते, ताठ बसून, आणि उठवली की ओठ चाटते.

परवा मी गेले होते. आई सकाळपासून बागेत आलुबुखार गोळा करत होती. मी पेटीचं झाकण पुसायला घेतलं, आणि फडकं एका जागी खाली गेलं. रुंद खळग्याच्या शेजारी दुसरा एक खळगा आहे. लहान. कडा गुळगुळीत, जणू शंभर वर्षं कुणी बसत आलंय.

मी दोन्हींवर तळहात ठेवला. आईचा रुंद खळगा थंड होता.

लहान खळगा उबदार होता.