पांघरुणाची फुलं

देवदत्त सानेला स्वतःखेरीज कशाचंच कौतुक नव्हतं. जून २००४ मध्ये, बायको उत्तराच्या डोहाळजेवणाच्या सकाळी, तो फुलं शोधायला निघाला. शेजारच्या शरयूकाकूंना उत्तराची वाडी भरायची होती. गजरा, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळे दागिने फुलांचे. डब्लिनच्या दुकानांत मिळत होते ते हातभर दांड्यांचे गुलाब. ते ओवणार कसे?

मग त्याला ऑफिसच्या वाटेवरची जुनी सिमेट्री आठवली. एकशेतीस वर्षांपूर्वी गावातल्या धनिकांनी ती बागेसारखी आखून घेतली होती. घोडागाड्यांसाठी वळणावळणाचे रस्ते, टेकडीवर श्रीमंत, कुंपणालगत गरीब, दगडी कलशांवर दगडाचीच वस्त्रं. रविवारी लोक डबे घेऊन यायचे म्हणे. "मेले तरी यांचा थाट जात नाही," देवदत्त हसला.

उतारावर छोट्या दगडी पलंगांची रांग होती. उशाला दगड, पायथ्याला दगड, बाजूंना कठडे, मध्ये माती. तान्ह्या मुलांची थडगी ती. आयांनी त्यांवर फुलांचं पांघरूण लावायचं, अशी तेव्हाची रीत. बाकीचे पलंग उघडे पडले होते. एकावर मात्र बारीक पांढरी फुलं दाटली होती. नाव नव्हतं, नुसतं 'बेबी, १८८१'. या दीडशहाण्याने पिशवी गच्च भरली. मातीला आंबलेल्या दुधाचा वास येत होता.

"किती नाजूक रे! कुठून आणलीस?" काकूंनी विचारलं.

"बागेतून. वायाच चालली होती."

दुपारी काकूंनी उत्तराच्या पोटावर फुलांचा कंबरपट्टा बांधला, आणि तिचा चेहरा उतरला.

"देव... बाळ हलत नाहीये."

"झोपलं असेल गं."

"सकाळपासून नाचत होतं..."

थंड पाणी झालं, साखर झाली, डाव्या कुशीवर निजवून झालं. अर्धा तास गेला. काहीच नाही. तेव्हा कुठे त्या शहाण्याला घाम फुटला.

"काकू... फुलं ग्रेव्हवरची आहेत. लहान मुलाच्या."

काकूंनी सगळे दागिने ओरबाडून पिशवीत कोंबले. "मी हिला इमर्जन्सीत नेते. तू ही जिथली तिथे ठेवून ये. आणि पाया पड, मूर्खा!"

देवदत्त आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तरी वाकला. फुलं मातीवर पसरली, मराठीत माफी मागितली, मग इंग्रजीत. फोन वाजला.

"हललं रे, हललं!" काकू रडत होत्या. मग त्यांचा आवाज अगदी खाली आला. "पण... पोटात दोन हृदयांचे ठोके ऐकू येतायत. डॉक्टर विचारतायत, आधीच्या सगळ्या सोनोग्राफींत एकच होतं ना?"

"एकच," देवदत्त म्हणाला.

त्याच्या गुडघ्यांसमोर, फुलांसकट, माती हळूहळू खाली बसत होती.