१२.८.९१.१६ हा कोण?

आईच्या प्रयोगशाळेतला हवेचा पंखा पुन्हा बंद पडला, तेव्हा मात्र शाल्मली घाबरली. वेंगुर्ल्याजवळ समुद्राच्या तळाशी असलेली ती वसाहत म्हणजे काही गावातलं घर नव्हे, की खिडकी उघडली आणि आला वारा! शेवाळाच्या त्या प्रयोगशाळेत आई अडकली होती. दार आपोआप बंद झालं होतं आणि आतली हवा संपत चालली होती. वसाहत उभारणारे शास्त्रज्ञ म्हणजे तिचे आबाच. ते पंखा सुरू करत, की लगेच कुठलं तरी यंत्र हुकूम सोडी : पाणी शिरलंय, पंखा बंद, दार बंद.

पण कुठलं यंत्र? ढब्बू यंत्रमानवाने सुचवलं, की पाण्याची चाहूल घेणारी सगळीच यंत्रं तोडून टाकू. आबांनी त्याला गप्प केलं. खरंच कुठे पाणी शिरत असेल, तर सगळेच बुडायचे.

त्यांनी लॉग फाइल (यंत्रं आपली कामं आपणच टिपून ठेवतात ती नोंद) उघडली. घाई होती, तरी नातीला समजावणं काही सुटलं नाही. संगणकांच्या जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो : चार आकडे, मध्ये टिंबं, आणि कुठलाही आकडा दोनशे पंचावन्नच्या वर नाही. एवढी खूण सांगितली, की ढब्बू ढीगभर मजकुरातून तेवढे पत्ते वेचून काढतो, तांदळातून खडे वेचावेत तसे.

ढब्बूने वेचले. एकच पत्ता ओळीओळीत होता : १२.८.९१.१५. आबांचा चेहरा खर्रकन उतरला, कारण असं यंत्र वसाहतीत नव्हतंच. म्हणजे बाहेरचं कुणीतरी जाळ्यात घुसलं होतं. एवढ्यात दुसरा उपटला : १२.८.९१.१६. शाल्मलीला रडूच फुटलं. भिंतीपलीकडून आई ठोकत होती, पण ते ठोके आता मंदावले होते.

डोळे पुसता पुसता तिची नजर घड्याळाकडे गेली. नुकतेच दुपारचे चार वाजले होते, म्हणजे सोळा. आणि आज बारा ऑगस्ट, साल दोन हजार एक्क्याण्णव.

"आबा, हा घुसखोर नाही. ही तुमची तारीख आहे."

तारीख आणि तास टिंबं देऊन एकत्र लिहायची पद्धत आबांचीच. कुणी वेगळं लिहिलं, की ते चिडायचे. खूण तंतोतंत जुळत होती, मग बिचाऱ्या ढब्बूचा काय दोष! नुसता साचा (आकड्यांची ठेवण) जुळून भागत नाही, ते आकडे ओळीत कुठे बसलेत तेही बघावं लागतं. तारीख ओळीच्या सुरुवातीला होती आणि हुकूम सोडणाऱ्याचा पत्ता 'प्रेषक' या शब्दापुढे. आबांनी ढब्बूला नवा साचा दिला : 'पंखा बंद' असलेल्या ओळी घे आणि 'प्रेषक'च्या पुढचाच पत्ता उचल.

एकच पत्ता उरला. आईच्या दाराबाहेरच्या बोळातलं यंत्र.

शाल्मली धावत सुटली. त्या यंत्राच्या बरोबर वर आईचा पोहण्याचा पोशाख वाळत घातला होता आणि तो टपटप गळत होता. तिने तो ओढून काढला, फ्रॉकने यंत्र खसाखसा पुसलं. पंखा घरघरला. दार सरकलं आणि घामाने निथळलेली आई बाहेर आली. शाल्मली तिला घट्ट बिलगली.

आबा जरा उशिराने आले. नोंदीतल्या तारखेत त्यांनी महिना अक्षरांत लिहायला लावला होता. पुढच्या वर्षी चंद्रावरची यंत्रंही या जाळ्यात येणार होती, त्यांचे पत्ते याहून लांबलचक. ते वेचायचा साचा कोण तपासणार, असं ढब्बूने विचारलं. आबांनी नातीकडे बोट दाखवलं.

शाल्मलीने मान डोलावली, पण आईचा हात काही सोडला नाही.