तीज नको म्हणणारा माणूस

मी बबिताला तिसरं बिस्कीट देत होते, तेव्हा खिडकीशी बसलेला माणूस म्हणाला, "मॅडम, पोरगी भुकेली नाई."

यवतमाळहून मारेगावला जाणारी रविवारची बस. गर्दी इतकी की बबिताची आई दारापाशीच अडकलेली आणि तिची सहा वर्षांची लेक माझ्या मांडीवर. बबिता माझ्याच वर्गातली, पहिलीची. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते, पण ती माझ्याशी चकार शब्द बोलली नव्हती. लाजरी असेल, असं मी धरून चालले होते. आता ती मुसमुसत होती आणि मी आपली बिस्किटं पुढे करत होते.

तो माणूस तिच्याकडे वाकला, गोरबोलीत, तांड्यावरच्या बंजाऱ्यांच्या बोलीत, हळूच काहीतरी विचारलं. आणि माझी ती मुकी बबिता... एक मिनिटभर सलग बोलली!

त्याने खिडकीची काच ओढून घेतली. "कान ठणकून राह्यला तिचा. वाऱ्यानं जास्तच. चार दिवसांपासून दुखते म्हणे. शाळेत कानावर हात ठेवला की बाई म्हणतात, हात खाली..." तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. "तुमीच का त्या बाई?"

"मीच," मी म्हणाले.

त्याने मान खाली घातली. रागावला असता तर बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याला दिसू नये म्हणून मी बबिताच्या वेणीची रिबीन पुन्हा बांधली. चांगली बांधलेली होती ती.

दोन दिवसांनी चातुर्मास लागला. आईने वांगं सोडलं, बाबांनी दुपारचा चहा. मी देवापुढे दिवा लावला आणि संकल्प केला — चार महिने रोज तांड्याच्या बोलीतला एक नवा शब्द शिकल्याशिवाय रात्री जेवायचं नाही.

"निशे, हा कोणता नेम?" आई म्हणाली. "यात देवाचं काय?"

"पोरं त्यानंच पाठवली ना गं माझ्या वर्गात."

आईने दिव्याची वात सारखी केली. माझा आवाज बारीक, पण एकदा दिव्यासमोर बोलले की मी मागे फिरत नाही, हे तिला ठाऊक.

आठवड्याभराने शाळेच्या दारात मोजपट्टी घेऊन एक जण उभा. बसमधलाच तो.

"सुनील आडे. लोहाऱ्याच्या कारखान्याचा ट्रस्ट आहे न, तिथं पाहणीचं काम करतो. तुमच्या शाळेले बाकडी द्याची आहेत. मोजून राह्यलो." मग जरा हसून, "आणि हा माझाच तांडा आहे. याच खोलीत शिकलो मी. म्हणजे... पहिलं वर्ष नुसता बसलो."

"नुसते?"

"मास्तर काय म्हणते तेच समजे नाई. मले वाटे, शाळा म्हणजे गप बसाची जागा."

मी खडू खाली ठेवला. "मग बाकडी नकोत मला."

"अं?"

"पोरं सतरंजीवर बसतील. मला शिक्षकांसाठी शिकवणी हवी. आजूबाजूच्या तांड्यांवरचे आम्ही चौदा जण आहोत, एकालाही पोरांची बोली येत नाही. दहा शनिवार द्या. तांड्यातल्या बाया आम्हाला शिकवतील. जाण्यायेण्याचं भाडं, बायांना मानधन आणि एक छोटं पुस्तक. एवढंच."

 तो मोजपट्टी गुंडाळत म्हणाला, "मॅडम, बाकड्यावर ट्रस्टचं नाव रंगवता येते. मास्तराच्या डोक्यावर कुठं रंगवाचं?"

"मी कपाळ पुढे करते. रंगवा!"

तो असा काही हसला, की व्हरांड्यातली पोरं धावत आली.

प्रस्ताव मलाच लिहायचा होता. "मी ट्रस्टच्या मंडळासमोर तोंड उघडणार नाई," त्याने आधीच बजावलं. "माझा तांडा, मी बोललो तं पक्षपात होते. पण कागद कसा लिहाचा ते सांगतो." कागद तीनदा लिहिला, तीनदा फाडला. आणि नेमाचं कळल्यापासून रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन येऊ लागला.

"जेवल्या?"

"शब्द कुठं दिलात?"

"बापा! म्हणजे तुमचं जेवण माझ्या हातात..."

"देवाच्या हातात. तुम्ही नुसते निरोप्या."

"मंग निरोप्याले दोन मिनिटं बोलू द्या न आधी. भूक लागली का लय?"

लागलेली असायची. तरी मी "नाही" म्हणायचे. आधी याडी म्हणजे आई शिकले, मग बाटी म्हणजे भाकर. दोन मिनिटांची वीस झाली. आई ताट झाकून ठेवी आणि दारातून बघे.

श्रावण आला. तांड्यात तिजेचे दिवस सुरू झाले. पोरींनी टोपल्यांत गहू पेरले, नऊ दिवस पाणी घातलं, गाणी म्हटली. शेवटच्या दिवशी मला बोलावणं आलं. पिवळेकोवळे अंकुर वीतभर वाढलेले, बाजूला वाजणारी थाळी आणि भुरभुर पाऊस. सुनीलच्या काकीने, रामीबाईने, माझ्या ओंजळीत अंकुरांची जुडी ठेवली. "ही तीज वाट तूबी, पोरी."

तांड्याचे प्रमुख खेमसिंग नायक यांनी मान लववली. मी त्यांच्या फेट्यात अंकुर खोवले. मग बबिताच्या बापाला दिले, आणखी दोघांना दिले. सगळे हात जोडून घेत होते. शेवटची जुडी मी मुद्दाम राखून ठेवली होती. ओल्या भिंतीला टेकून सुनील उभा होता, पांढरा सदरा घालून. मी त्याच्यासमोर गेले.

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घ्या ना," मी म्हणाले.

"नको."

"काहून?"

"नको म्हटलं न, मॅडम... मले नका देऊ!"

आणि तो चक्क वळून चालू लागला. पोरी खुसखुसल्या. अंकुर माझ्या हातातच राहिले. देवाचा प्रसाद होता तो माझ्या लेखी. कुणी असा नाकारतं? माझ्या हातचा चालला नाही का त्याला?

त्या संध्याकाळी फोन वाजला, मी उचलला नाही. शब्द नव्हता, म्हणून जेवलेही नाही. ताट तसंच राहिलं. सकाळी तुळशीला पाणी घातलं आणि शाळेआधी थेट रामीबाईच्या दारात गेले.

"एक शब्द द्या, काकी. कालपासून उपाशी आहे."

"सुनील्या नाई देत का?"

"त्यांचं नाव नको." आणि माझा बांध फुटला. "मी काय वाईट दिलं हो त्यांना? सगळ्यांनी घेतली तीज!"

 रामीबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या हातातल्या पाटल्या खुळखुळल्या.

"अवं येडे! ज्याले पोरगी तीज देते न, तो तिचा भाऊ होते. काल तू चार भाऊ केले. पाचवाबी करून राह्यली होतीस!"

मी बोटांवर चारही भाऊ मोजले.

"तो पोरगा कायले घेईन?" ती म्हणाली. "रोज साताले फोन घेऊन रानात जाते... बहिणीसाठी जाते का?"

मग तिने मला शब्द दिला. अर्थ विचारला तर म्हणाली, "ज्याले लागू पडते त्यालेच विचार."

पुढच्या मंगळवारी लोहाऱ्याला मंडळाची बैठक होती. लांब टेबलाच्या एका टोकाला मी आणि भिंतीशी, फाइल छातीशी धरून, सुनील. तिजेच्या दिवसापासून आम्ही बोललो नव्हतो. शब्द मी रामीबाईकडून घेत होते.

अध्यक्षांनी कागद वाचला. चांगले गृहस्थ होते, घाईत होते. "मॅडम, भाडं देऊ, पुस्तक देऊ. पण मानधन कायले? शिकवणाऱ्या बाया सहीऐवजी अंगठा लावतात. शिक्षकांना त्या काय शिकवणार? तेवढं काढा, बाकी आजच मंजूर."

चांगला सौदा होता. टेबलाभोवतीच्या माना हललेल्या मी पाहिल्या. फक्त "बरं" म्हणायचं होतं.

"तेवढं काढायचं असेल, तर बाकीचंही नको," मी म्हणाले.

अध्यक्षांनी कागद खाली ठेवला.

"साहेब, मी बी.एड. आहे. माझ्या वर्गातल्या पोरीचा कान चार दिवस ठणकत होता. ती कानावर हात ठेवायची आणि मी म्हणायचे, हात खाली. माझ्या पदवीला ते कळलं नाही. अंगठा लावणाऱ्या कुठल्याही बाईला एका वाक्यात कळलं असतं." मी पाण्याचा घोट घेतला.  "आणि मागच्या आठवड्यात तिजेला मी आणखी एक चूक केली. मला वाटलं, प्रसाद वाटतेय. तांड्यात तीज दिली की समोरचा भाऊ होतो, हे मला माहीत नव्हतं. मी अशा माणसाला द्यायला गेले... ज्याला मला भाऊ करायचं नव्हतं. कधीच नव्हतं. त्याने घेतली नाही म्हणून मी वाचले. रामीबाईंनी समजावलं नसतं, तर आजही त्याच्यावर रागावलेलीच असते. मला जे शिकायचं आहे ते या बायांकडेच आहे, साहेब. त्यांना मानाने पैसे द्या."

भिंतीशी फाइल खाली पडली. कागद सगळीकडे.

अध्यक्षांनी चष्मा काढला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जमिनीवर कागद गोळा करणाऱ्या सुनीलकडे. मग ओठ दाबत म्हणाले, "पाच शनिवार आधी. मानधनासकट. पोरं बोलू लागली तर उरलेले पाच. आडे, उठा आता, कागद राहू द्या."

बाहेर कारखान्याच्या फाटकाशी निंबाखाली तो मागून आला. पानांवरून थेंब टपकत होते.

"एवढ्या लोकांसमोर..." तो म्हणाला.

"एवढ्या लोकांसमोरच तुम्ही नको म्हणाला होतात."

"मंग काय करू? हातच मागं गेले!" तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "तुमच्या घरी... तुमचे बाबा काय म्हणतीन?"

"बाबांना मी सांगेन. हळू आवाजात सांगेन, पण सांगेन."

त्याने मान डोलावली. माझ्या पर्समधून डोकावणाऱ्या डब्याकडे बोट दाखवत म्हणाला, "जेवल्या?"

"नाही. आठ दिवसांपूर्वी रामीबाईंनी एक शब्द दिला होता, त्याचा अर्थ बाकी आहे. ज्याला लागू पडतो त्यालाच विचार, म्हणाल्या."

"कोणता?"

"वेतडू."

त्याचे कान लाल झाले. मान वळवली, फाटकाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं... आणि शेवटी माझ्याकडे.

"नवरदेव," तो म्हणाला. अगदी माझ्यासारख्या बारीक आवाजात.

मी डबा उघडला, भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्यापुढे धरला.

या वेळी त्याने दोन्ही हात पुढे केले.