कुडपणचा उल्कापाषाण

"फ्लॅश बंद कर आधी!" प्रियदर्शिनी ओरडली.

रितेशने कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं. काळ्याभोर दगडावर मधोमध पांढराफटक डाग उमटला होता.

मे महिन्याच्या सुट्टीत महाडची प्रियदर्शिनी आणि तिचा मुंबईचा मावसभाऊ रितेश कुडपणला सुहासमामाकडे आले होते. मामा तिथल्या शाळेत शिक्षक. गेल्या आठवड्यात आकाशात कडाडून आवाज झाला होता आणि दुसऱ्या दिवशी तुळजाबाईंना नाचणीच्या रिकाम्या शेतात हा दगड सापडला होता. मामाने पुण्याच्या शास्त्रज्ञांना कळवलं. "उल्कापाषाण असेल, आधी नीट फोटो पाठवा," असं उत्तर आलं. प्रियदर्शिनीच्या पप्पांचा फोटो स्टुडिओ असल्यामुळे ते काम आपोआप तिच्याकडे आलं.

तिने शाळेच्या खिडकीजवळ टेबल ओढलं. फोटोत दाणे येऊ नयेत म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता, शंभरवर ठेवली आणि दगड पुढून मागून सगळा स्पष्ट दिसावा म्हणून भिंगाचं छिद्र बारीक केलं, एफ अकरा.

"अगं, मग अंधार होईल ना!"

"म्हणून शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं. हात हलला तर सगळं मुसळ केरात, त्यामुळे कॅमेरा तिवईवर! आणि सगळं मॅन्युअलवर. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा काळ्या दगडाला राखाडी करून टाकतो."

आकार कळावा म्हणून शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवून तिने एका बाजूचे फोटो काढले. तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

"मी मुळ्ये. पुण्याहून शास्त्रज्ञांनी पाठवलंय," पाहुणे खांद्यावरची पिशवी सावरत हसून म्हणाले. "दगडाचं वजन करून घेतो."

मामा हरखलाच! दगड त्यांच्या हाती देऊन तो चहा सांगायला गेला. मुळ्ये शेजारच्या वर्गात गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. प्रियदर्शिनीच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्याकडे वजनकाटा तर दिसत नव्हता!

दगड परत आल्यावर तिने दुसऱ्या बाजूचे फोटो काढले आणि ती दचकली. दगड फिकट दिसत होता, त्यावर बुडबुड्यांसारखी भोकं होती.

"मामा, हा तो दगड नाही!"

"उजेड बदलला असेल, बाळ," मुळ्ये झटकन म्हणाले. "नाहीतर सेटिंग चुकलं."

"पाहुण्यांशी असं बोलतात का?" मामा रागावला.

तिचे कान तापले. ती रितेशला बाहेर घेऊन गेली. तुळजाबाईंची नात सेजल ओट्यावर बसली होती. कॅमेऱ्याचा पडदा दोघांपुढे धरत प्रियदर्शिनी म्हणाली, "दोन्ही फोटोंत नाणं बघा. अगदी सारखं उजळ आलंय! उजेड तोच, सेटिंग तेच. मग दगडच तेवढा कसा बदलला?"

"त्या माणसाच्या पिशवीत हाय गो आपला दगड!" सेजल पुटपुटली.

"मामा ऐकणार नाही. डोळ्यांनी दाखवायला हवं," रितेश म्हणाला.

थोड्या वेळाने जीपकडे निघालेल्या मुळ्यांना सेजलने हळूच गाठलं. "साहेब, आजीला दुसरा तुकडा गावलाय. शेतात लपवलाय. कोणाला सांगू नका."

मुळ्यांचे डोळे चमकले. ते मुकाट्याने तिच्यामागे गेले. तिने बांधाखाली गोणपाटात गुंडाळलेला साधा काळा दगड दाखवला.

"तू जरा लांब थांब," ते म्हणाले. इकडेतिकडे पाहत त्यांनी पिशवीतून उल्कापाषाण बाहेर काढला. दोन्ही तुकडे जुळतात का, ते बघायचं होतं ना!

वरच्या बांधावर प्रियदर्शिनी पालथी पडली होती. ऊन भरपूर होतं, म्हणून तिने शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेलं, झूम पुढे सरकवला. क्लिक! क्लिक!

इतक्यात रितेश मामाला आणि तुळजाबाईंना ओढतच घेऊन आला. मामाने पडद्याकडे पाहिलं. मुळ्यांच्या हातात पिशवीतून काढलेला तो काळाभोर उल्कापाषाण लख्ख दिसत होता! मामा धावत खाली उतरला.

"मी... मी फक्त तपासत होतो," मुळ्ये चाचरले.

"माझा दगड हाय तो! ठेव खाली!" तुळजाबाई कडाडल्या.

पोलादपूरहून पोलीस आले तेव्हा कळलं, मुळ्यांना कोणीही पाठवलं नव्हतं. दगड परस्पर विकायचा त्यांचा बेत होता.

पुढे पुण्याच्या खऱ्या शास्त्रज्ञ बाई आल्या. दगड पाहून त्या खुलल्या. "उल्कापाषाणच आहे! आणि फोटो तर सुरेख!"

"मी डोळे मिटून दगड दिला," मामा ओशाळून म्हणाला. "पोरांनी तो राखला."

"पोरी, एवढ्या घाईत तुजा हात नाय थरथरला?" तुळजाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं.

"खूप थरथरत होता, आजी! म्हणून तर शटर हजारावर ठेवलं!"