शेवटचा तुकडा कुणी घ्यायचा?

गोदीतलं शेवटचं जहाज पाण्यात उतरलं, त्या दिवशी मालकांनी कामगारांना केक दिला. गोथेनबर्गमध्ये माणसांना घरी पाठवताना केक देतात. खारा, ब्रेडच्या थरांचा, वर अंडं आणि कोळंबी. तोंडात कोळंबी असताना माणसाला ओरडता येत नाही, एवढा विचार त्यामागे असावा.

ताटात एकच तुकडा उरला. क्रेन चालवणाऱ्या मायब्रिटने हात पुढे केला आणि समोरूनही एक हात आला. दोन्ही हात चटका बसल्यासारखे मागे गेले. शेवटचा तुकडा उचलणारा माणूस या गावात चोरापेक्षा वाईट. चोराला निदान शिक्षा होऊन सुटता येतं.

“घे ना तू,” तो म्हणाला.

“छे, तूच घे.”

“मला भूक नाही.”

“मलाही नव्हतीच...”

त्याने सुरीने तुकडा अर्धा केला. तिने उरलेल्याचा अर्धा केला. असं करत करत शेवटी ताटात एक कोळंबी राहिली. ती राहिलीच.

“उत्तरेकडची क्रेन तुझी ना?” तिने विचारलं.

“आणि दक्षिणेकडची तुझी. रोज सकाळी केबिनची काच पुसतेस.”

“म्हणजे तू बघत होतास?”

“काच इतकी स्वच्छ होती – नाइलाज होता.”

त्याचं नाव तूरे. दोन वर्षं दोघं समोरासमोर, ढगांच्या जवळ बसून लोखंड उचलत होते. बोलणं मात्र जमिनीवर आल्यावर सुरू झालं, आणि तेही जमीन पायाखालून सरकत असताना.

त्या हिवाळ्यात गोदीत आवराआवर चालली होती, तेवढ्यापुरतं क्रेनवाल्यांना ठेवलं होतं. संध्याकाळी दोघं एकाच बोटीने नदी ओलांडत. पाऊस आडवा येई. तूरे वाऱ्याच्या बाजूला उभा राही आणि आपला डावा खांदा तिच्यासाठी भिजवी.

“आत बसू या का?” ती विचारी.

“तुला बसायचं असेल तर...”

“तुला?”

“मला कसंही चालेल.”

मग दोघं बाहेरच कुडकुडत. तिला वाटे, आज हा काहीतरी बोलेल. त्याला वाटे, हिने आधी बोलावं, आपण कशाला हिला अडचणीत टाकायचं. अशा रीतीने गावातल्या दोन अत्यंत सुसंस्कृत माणसांचं प्रेम थंडीने आखडून गेलं.

फेब्रुवारीत बातमी आली. जहाजदुरुस्तीसाठी एक क्रेन ठेवणार, म्हणजे चालवणारा एक. जो राहील तो गावात राहील. दुसऱ्याला काम शोधत परगावी जावं लागेल.

नेमणूक झाली ती मुकादम होल्गरच्या मेहुण्याची. त्याला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घेरी येत असे.

तूरेला नॉर्वेत, समुद्रातल्या तेलविहिरीवर काम मिळालं. मायब्रिट त्याला पोचवायला स्टेशनवर गेली. तो डब्यात चढला, खिडकी खाली ओढून उभा राहिला.

“त्या मेहुण्याला कसं घेतलं रे?” तिला राहवलं नाही. “मी तर होल्गरला सांगून आले होते, मला नको, तूरेला द्या.”

तूरेचा चेहरा पांढराफटक पडला. “तू...? अगं, मीही तेच सांगितलं. मायब्रिटला द्या म्हणून.”

“तुला कुणी सांगितलं होतं एवढा उदार व्हायला?”

“आणि तुला?”

“मूर्खा, तू इथे राहावास म्हणून!” ती ओरडली. गोथेनबर्गच्या स्टेशनात कुणी ओरडत नाही. फलाटावरचे लोक एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागले. “मला तू हवा आहेस. ऐकलंस? हवा आहेस!”

“आता सांगतेस?”

“तू सांगशील म्हणून थांबले होते!”

“मी पण...”

गाडी हलली. त्या देशातल्या गाड्या वेळेवर सुटतात, हा त्यांचा मोठाच दोष आहे. तूरेचा हात खिडकीबाहेर लांबत राहिला... आणि धुक्यात विरला.

ती तिकिटांच्या दालनात आली. तिथे यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची, आणि पाळी येईपर्यंत बाकावर मुकाट बसायचं. बाकं भरलेली होती. मायब्रिट सरळ खिडकीपाशी गेली.

“नंबर?” आतल्या बाईने विचारलं.

“नाही माझ्याकडे.”

पाठीमागे कुणीतरी हलकेच खाकरलं. त्या गावात याला शिवी म्हणतात.

“ओस्लो,” मायब्रिट म्हणाली. “पुढच्या गाडीचं.”

बाईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. “जाऊन-येऊन?”

“फक्त जायचं.”